आंबटाची नोंद

हर्षालीने ओल्या टॉवेलातून बाटली काढली
तेव्हा अमळनेरात संध्याकाळचे सात वाजले होते
आणि धाब्याची माती अजून अनवाणी पायाला सोसत नव्हती.
बाटलीला लेबल नाही. चिकटपट्टीवर पेनाने एवढंच:
मेहरूणची बोरं, अंबाडीची बोंडं, टाकी चार.

"अण्णा, दहापैकी मार्क द्या.
बाप म्हणून नको, दूध संघातले म्हणून द्या."

एकतीस वर्षं मी कॅनचं झाकण उचलून
वाकून एक श्वास घेत आलो.
त्या श्वासाला पगार होता.
पहाटे पाचच्या दिव्याखाली दोनशे झाकणं, दोनशे श्वास,
आणि शंका आली तर ब्यूरेट, थेंब थेंब,
पांढऱ्यावर फिकट गुलाबी छटा चढली की थांबायचं,
आकडा लिहायचा.
आकडा वर गेला तर लाल शाईत एकच शब्द: आंबट.
कॅन परत.

आणि ही माझी लेक
मुद्दाम आंबवते. महिनोन्‌महिने आंबवते.
वर त्याचे पैसे घेते.

ग्लासात ओतली तर रंग तोच,
ज्या गुलाबीवर माझा हात थांबायचा.
फेस थोडा वेळ मानाने बसला, मग उठून गेला.

नाक आधी. जुनी खोड.
पहिल्यांदा काही नाही, नुसता गारठा.
मग तळ्याकाठचा जानेवारी,
शाळेच्या खिशात चेंगरलेलं बोर,
आणि त्याच्या मागे, जरा लांब, ओलं गोणपाट.
"गोणपाट येतंय," मी म्हणालो.
"ते ठेवलंय," ती म्हणाली.
ठेवलंय!

घोट.
जिभेच्या दोन्ही कडा आत ओढल्या गेल्या,
कानाखाली जबड्यात एक कळ,
एक डोळा आपोआप मिटला.
"कसं लागस?"
सहा वर्षं पुण्यात राहून घाईत ती अहिराणीच बोलते.

थांब, म्हटलं.
बोराचं गोड उशिरा येतं, सालीचा तुरटपणा ओलांडून.
मधे एक जागा रिकामी आहे. पाणचट नाही, रिकामी,
सुरत पॅसेंजर निघून गेल्यावर फलाट असतो तशी.
आणि शेवटी मीठ?
"चिमूटभर," ती ओठ दाबून म्हणाली,
कॉपी करताना सापडल्यासारखी.

मला मांडळची सुपडाबाई आठवली.
सात लिटरचा कॅन. मे महिना.
एका आठवड्यात तीनदा परत केला.
भांडली नाही. फाटकापाशी झाकण उघडलं,
बोट बुडवलं, माझ्याकडे बघत चाटलं
आणि मिटक्या मारत निघून गेली.
मी तो उर्मटपणा समजलो होतो.
दुसऱ्या घोटाला आता तितकी खात्री वाटेना.

तेवढ्यात कोकिळा वर आली
दिवसभर वाळलेले बिबडे काढायला.
धोतराच्या कापडावरून एकेक सोडवता सोडवता
"काय चाललंय" म्हणत माझ्याच ग्लासातून
एक घोट घेतला, पदराने ओठ पुसले.
"हाई ते बिबडासनं पानी शे!"

ज्वारी तीन दिवस भिजवून वरचं ओतून देतात, ते.
ज्याच्या वासाने मी दर उन्हाळ्यात
मोरीचं दार लावून घेत आलो,
आणि मग पावसाळाभर
तेच बिबडे भाजून, तेल-तिखट लावून,
वर शेंगदाणे मागत आलो.
संघातलं नाक घरी येताना बहुतेक
सायकलच्या हँडलला अडकवून ठेवत असेन.

हर्षालीचं हसू थांबेना.
कोकिळा बिबडे मोजत राहिली, एकशे सतरा, एकशे अठरा.

"मार्क, अण्णा."
मी पेन मागितलं. निळंच होतं.
पट्टीवर, टाकी चारच्या खाली, लिहिलं:
आंबट.
आणि ग्लास पुढे केला.
गोणपाटाचं काय ते उद्या बघू.