पहिला स्लॉट

तार्मो सैन्यात गेला कायानीला, एकशे पासष्ट दिवसांसाठी,
आणि जाताना कंट्रोलर माझ्या उशीवर ठेवून गेला.
बोलला काही नाही. आमच्या घरात फारसं कुणी बोलत नाही.

त्याची गाडी पहिल्या स्लॉटमध्ये: निळी, मागच्या चाकांवर पळणारी,
बर्फाच्या स्टेजवर चार मिनिटं अकरा सेकंद.
मी चालवली की सहाव्या वळणावर
तिचं नाक दर वेळी त्याच एका स्प्रूसमध्ये.

मग दुसऱ्या स्लॉटमध्ये मी तिची नक्कल उतरवली
आणि ट्यूनिंगचं पान उघडलं.
सव्वीस पट्ट्या. प्रत्येकीवर एक ठिपका, सरकायला उत्सुक.
मी सगळेच सरकवले.
स्प्रिंग नरम, बार कडक, कॅम्बर छान दिसला म्हणून.
गाडी सुरुवातीच्या रेषेवरच गिरकी घेऊन
प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहिली,
भाषणाला उभं राहून भाषण विसरल्यासारखी.

खालच्या मजल्यावरची ओर्वोक्की रिकामी बरणी परत द्यायला आली होती.
तीस वर्षं तिनं लाकडाच्या ट्रकांखाली काढली, पाठीवर पडून.
असला खेळ जन्मात खेळली नाही.
दाराशी एक बूट काढून, एक पायात ठेवून बघत राहिली.
"किती गोष्टी बदलल्यास?"
"सगळ्या."
"मग कळलं काय?"

मी बरणी घेतली.
"एका वेळी एक," ती म्हणाली, "आणि लिहून ठेव.
आणि नुसतं वळत नाही म्हणू नकोस. कुठं वळत नाही?
ब्रेक लावताना, वळणाच्या पोटात, की बाहेर पडताना?"

रसायनशास्त्राच्या वहीचं शेवटचं पान.
तीन डिसेंबर: पुढचा बार दोन घरं नरम. पोटात बरी. बाहेर पडताना तशीच अडेल.
चार डिसेंबर: हवा कमी केली. सुस्तावली. हवा परत भरली.
नऊ डिसेंबर: काहीच बदललं नाही, तरी दोन सेकंद जलद.
म्हणजे आज मी बदलले. हे कुठल्या रकान्यात लिहू?

बाहेर दुपारी तीनलाच अंधार.
नांगर जोडलेला ट्रॅक्टर रस्त्यावरून जायचा, काचा थरथरायच्या,
आणि मी डिफरन्शियलशी हुज्जत घालत बसायचे.
एका रात्री पहिला स्लॉट उघडला, फक्त बघायला.
तार्मोचे आकडे आता मला वाचता येत होते.
डिफरन्शियल जवळजवळ कुलूपबंद, पुढे दगडासारख्या स्प्रिंगा,
सगळंच उलटं. ही गाडी वळणं शक्यच नव्हतं.
ती वळत नव्हतीच कधी.
तो वळवत होता.
दोन झाडं आधीच तिला आडवी फेकायचा,
आणि मी त्याला वर्षभर नशीबवान म्हणत आले.

चार टिचक्यांत दुरुस्त झाली असती. हात लावला नाही.

जानेवारीत तो सुट्टीवर आला,
डोकं भादरलेलं, कान अचानक मोठे.
माझी गाडी चालवली: चार मिनिटं सात.
"सोपी आहे," म्हणाला,
आणि मला कळेना, शाबासकी घ्यावी की राग.
मग मुकाट्यानं पहिला स्लॉट उघडला
आणि जेवायला हाक येईपर्यंत
त्या अडेलतट्टू निळीला फेकत राहिला, खांदे वाकवून, जीभ दातांत धरून.

रविवारची बस गेल्यावर वही उघडली.
माझ्या अक्षरांखाली त्याचं किरटं अक्षर, पेन्सिलीत:
मागची हवा, एक टिचकी कमी?
त्यानं मला काही विचारलंय, असं आठवत नाही याआधी.

करून पाहिलं.
तीन दशांश सेकंद गेले. चूकच होती.
तारीख घातली, आकडा लिहिला,
आणि पुढच्या सुट्टीपर्यंत
हवा तशीच ठेवली.