सुट्टे

एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
शाई पसरली का, आकडा चुकला का,
कडेची रेघ केसभर सरकली का.
आत जाताना पर्स बाहेर, बाहेर येताना झडती.
सरकारचे पैसे इतके पाहिले
की पगाराच्या दिवशी घरी मोजायचा कंटाळा यायचा.

आता बुधवारी बाजाराला जाते, गंगेवर.
रविवार कारंजाला उतरते, तिथून पायी.
घ्यायचं खरं तर काही नसतं,
आणि घ्यायचं नसलं की बाजार जास्त दिसतो:
मेथीच्या जुडीवरचं पाणी झटकणारा हात,
तराजूत दगडाच्या जागी ठेवलेली बॅटरी,
भांडीवाल्याच्या पोराचं
पातेल्यावर टिचकी मारून आवाज ऐकणं.

द्राक्षांचे सुटे मणी विकणारी एक बाई
मांडीवर मोबाईल ठेवून कालचा भाग बघत होती.
मला म्हणाली, थांबा दोन मिनिटं, सासू सापडतीय.
मी थांबले.
तो भाग माझाही अर्धाच झाला होता,
कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपाशी.
दोघी वाकून बघत राहिलो.
सासू काही सापडली नाही.
तरी वाटलंच, ती म्हणाली, शनिवारपर्यंत ताणतील मेले,
आणि मूठभर मणी जास्तीचे घातले.

भास्कर छपाईला होता. मशीननं त्याचे कान खाल्ले.
आमचा टीव्ही त्यामुळे जिन्यापर्यंत वाजतो.
खालच्या पगारेबाई स्वतःचा सेट लावतच नाहीत,
आमच्या आवाजावर मालिका ऐकतात,
जाहिराती लागल्या की कांदा चिरतात,
आणि सकाळी दूध घेताना विचारतात,
काल थोरलीनं साडी कुठली नेसली होती?

दिवाळीच्या पाडव्याला मात्र तोच मला उठवतो.
साडेचारला अंघोळ, पाचला पिंपळपार,
दवानं गार पडलेली सतरंजी,
तंबोरे जुळेस्तोवर खोकून घेणारी माणसं.
एकदा विचारलं, तुला काय ऐकू येतं रे?
म्हणाला, तबलजीचे हात बघतो.
शीट तपासायचा तसा बघतो तो, पापणी न हलवता,
आणि पुढच्या माना डोलल्या की आपणही डोलतो,
अर्धी मात्रा उशिरा.
आधी मला लाज वाटायची.
आता मीही उशिरा डोलते. सोबत होते.
मग मिसळ. तर्री त्याला, दही मला.

भाद्रपद जवळ आला की संध्याकाळी ढोलांचा सराव.
कॉलेजची पोरं, बोटांना चिकटपट्ट्या,
अजून ताल धड बसलेला नाही.
भास्कर अगदी जवळ जाऊन उभा राहतो,
शर्टाच्या खिशावर हात ठेवून.
वाजतंय, म्हणतो.
मी उगाच ठोके मोजते. शंभर झाले
की अंगठा आपोआप हलतो, बंडल बांधायला.

द्राक्षवालीनं त्या दिवशी दहाची नोट परत दिली,
मधोमध फाटलेली, टेपनं जोडलेली.
डोळ्यांआधी बोटांना कळलं.
याहून कमी खोटीला मी गठ्ठेच्या गठ्ठे बाद केलेत.
घडी घातली, दोन पावलं गेले,
तीच नोट देऊन कोथिंबीर घेतली.
कोथिंबीरवाल्यानं बघितलीही नाही,
पोत्याखाली सरकवली.
जुडी मात्र मी उलटीसुलटी करून पाहिली.

बस उशिरा मिळाली. आमचा टीव्ही कोपऱ्यापासून ऐकू येत होता.
जिन्यात पगारेबाई, हातात सुरी, डोळ्यांत कांद्याचं पाणी.
सापडली हो सासू! आत्ताच, शिर्डीच्या स्टँडवर!
साडी कुठली असेल हो तिची?

मी काही पाहिलं नव्हतं.
पिशवीतून मूठभर मणी त्यांच्या हातावर ठेवले.
हिरवी, म्हटलं. काठ जरा विटलेला.