पाणीच उघडतं

बचत गटाची सहल. दाजीपूरला जाता जाता धरण.
गाडीत कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत ताक, भडंगाचा डबा,
आणि माझ्याजवळ एकच प्रश्न.

शुक्रवार पेठेतल्या माझ्या दुकानात
फॉलच्या कप्प्याच्या वर, पंख्याच्या खाली वीतभर
एक तपकिरी रेघ आहे.
दोनदा रंग दिला. दोनदा वर आली.
त्या पुरात तीन मशिनी गाळात गेल्या
आणि एका लग्नाचे अकरा ब्लाउज.
मापं अजून वहीत आहेत.

वीजघरात पाय ठेवला तर फरशीच गुणगुणत होती.
चपलेतून गुडघ्यात, गुडघ्यातून दाढेत.
"भिऊ नगासा, जनित्र हाय," तिथला माणूस म्हणाला.
नाव निवास. खाकी शर्टाचं दुसरं बटण वेगळ्या रंगाचं,
माझी नजर तिथंच जाणार.
त्यानं दाखवलं, पाणी हितनं येतं, पाती फिरत्यात,
वीज त्या तारंनं जाते, पाणी खाली उसाला.
"काय वाया जात न्हाई बघा."

मग वर, धरणाच्या भिंतीवर. वारा पदर धरू देईना.
एकीकडं पाणी, डोंगराच्या मांडीपर्यंत.
दुसरीकडं खोल खाली, खडकांत नदी
इतकी बारीक
की कच्च्या टाक्यानंही मिटली असती.
मासे वर चढायचे पूर्वी, तो म्हणाला.
आता भिंतीपाशी येतात, आणि तिथंच फिरतात.

बायका फोटोसाठी ओळीत उभ्या राहत होत्या.
मी विचारलं,
त्या रात्री दारं कुणी उघडली?

तो हसला नाही.
"कुणीच न्हाई, ताई. सातबी आपोआप हायत.
पातळी आली की पाणीच उघडतं.
आमी निस्ता भोंगा वाजवतो."

राग मी घरूनच बेतून आणला होता,
गळा, बाही, सगळं मापात.
तिथं तो कुणाच्याच अंगाला बसेना.

त्यानं बोट केलं पाण्याच्या मधोमध,
जिथं काहीच नव्हतं.
"तितं आमचं शेत. आज्यानं सोडलं.
बदली जमीन मिळाली शिरोळकडं, काळीभोर,
नदीला लागूनच.
त्याच पुरात घर बुडालं. बायकापोरं आठ दिवस गच्चीवर,
आन् मी हितं, भोंग्याजवळ."

त्यावर काय बोलतात ते मला येत नाही.
मी भडंग दिलं. त्यानं दोन्ही हातांत घेतलं.

रात्री दुकान उघडलं, उगीचच.
नवी मशीन मोटारीवर चालते.
पायाखाली तीच गुणगुण,
चपलेतून गुडघ्यात.
रेघेपाशी टेप धरला. सात फूट दोन इंच.

त्याच्या घरात किती आली होती,
विचारायचं राहिलं.