दुरुस्तीचा अर्ज

मल्लेशम दुडम या नावानं
गल्लीत त्यांना कुणी हाक मारली नाही.
पेद्दमनिषी म्हणायचे. मोठा माणूस, एवढाच अर्थ.
उंचीनं ते माझ्या आईच्या खांद्याला लागायचे.

साखर पेठेत मागावर एकतीस वर्षं.
खटखटीनं डावा कान गेला.
नवराबायकोचं भांडण घरी आलं
की नवऱ्याला ते डावीकडे बसवायचे,
बायकोला उजवीकडे.
यामागचं कारण मला फार उशिरा कळलं.

कारखाना बंद झाला तेव्हा
मालकानं हिशोबात दोन चादरी दिल्या.
एक त्यांनी पांघरली.
दुसरी अजून फिरतेय:
कुणाच्या बाळंतपणात आडोसा, कुणाच्या लग्नात बैठक.
तिच्यावरचा मोर धुऊन धुऊन
आता कोंबडीसारखा दिसतो.

मग ते फंडाच्या ऑफिसबाहेर बसू लागले,
लिंबाखाली, चव्वेचाळीस डिग्रीत,
मांडीवर विड्यांचं सूप पालथं. तेच टेबल.
कारखान्याच्या रजिस्टरात कारकुनानं
पोशव्वाचं पोशा केलेलं,
अंबव्वाचं अंबादास.
तीस वर्षं रोज हजार विड्या वळल्या अंबव्वानं,
आणि पैसे साठले
कधी जन्मालाच न आलेल्या बाप्याच्या नावावर.

चष्म्याची दोरी मागे सारून ते विचारत,
"आईनं काय नाव ठेवलं होतं?
तोंडानं सांग. हळू. या कानात."
आधी तेलुगूत तळहातावर लिहायचे,
मग मराठीत कागदावर.
फी एक पान, चुना कमी.

मी सातवीत होते. मला शेजारी बसवलं.
"अक्षर चांगलंय, पण घाई करतेस.
वेलांटी पहिली का दुसरी,
यावर एखादीचं म्हातारपण अडतं."

माझ्या आईचा अंगठा मशीनला दिसेना.
पानं कातरून, तंबाखू चोळून
रेषा कधीच्या झिजल्या होत्या.
साहेब म्हणाला, या बाईला ठसाच नाही.
पेद्दमनिषींनी आपला अंगठा काचेवर ठेवला,
सुतानं घासून गुळगुळीत झालेला.
मशीन गप्प.
"मग मीपण नाही का इथं, साहेब?"
साहेब हसला नाही.
पण जुनं रजिस्टर मागवलं.

एकदा त्यांचं चुकलं.
बालमणीला त्यांनी समजूत काढून
नांदायला परत पाठवलं.
दोघांना समोरासमोर बसवून,
दोघांचं सारखं ऐकून.
पुढचं गल्ली बोलत नाही.
तेराव्या दिवशी ते तिच्या आईच्या दारात
सकाळपासून दिवे लागेपर्यंत उभे राहिले.
तिनं आत ये म्हटलं नाही,
जा म्हटलं नाही.
डावं-उजवं त्यानंतर सुरू झालं.

मार्चमध्ये गेले.
दोनशे बायका स्मशानापर्यंत चालल्या,
आमच्यात तशी रीत नसताना.
पाचव्या दिवशी पाणी आलं,
तेव्हा पहिली घागर कुणी न सांगता
त्यांच्या ओट्यावर ठेवली गेली.

दाखला आला: मल्लेश दुधम.

आता मी ई-सेवा केंद्रात बसते,
दिवसाला साठ अर्ज भरते, वेलांटी चुकत नाही.
हा मात्र मी हातानं लिहिलाय.
महापालिकेच्या खिडकीतला मुलगा म्हणतो,
"ताई, माणूस गेला.
एका म नं आता काय फरक पडतो?"
मी म्हणते, लिही. हळू.

अर्जात एक रकाना आहे, मयताशी नातं.
"मुलगी? सून?" तो विचारतो.
पेन माझ्याच हातात.
रांग मागे जिन्यापर्यंत गेलेली,
आणि रांगेतून पोशव्वा, माझी आई,
डोक्यावर पदर ओढत म्हणते,
लिही गं काहीतरी. ऊन चढलंय.