मिसरूड

त्या हिवाळ्यात प्रेंगला मिसरूड फुटलं
आणि आईनं घरातला आरसा भिंतीकडे तोंड करून टांगला.

आमच्या डोंगरात बाईचं रक्त हिशेबात धरत नाहीत.
म्हणून मी बाहेर.
शेळ्या मी, सरपण मी, गिरणी मी,
श्कोदरला जाणारी सहाची मिनीबस मी.
तो आत. पाचव्या वर्षापासून आत,
तळहाताएवढ्या तीन खिडक्यांच्या मागे.
गुरुवारी मास्तरीण यायची,
त्याला नद्या शिकवायची. नकाशावर.
एकदा मला म्हणाला,
"वाहताना आवाज करते ना गं ती?
मला नीट आठवत नाही."

भांडण पाण्याच्या पाळीवरून झालं होतं.
बाबांनी पाट अर्धा तास आधी फोडला
की त्यांनी अर्धा तास उशिरा बांधला,
हे आता कुणालाच सांगता येत नाही.
पाटही बुजलाय, काटेरी जाळी माजलीय त्यात.
बाबा तुरुंगात.
माराशचा बाप चर्चमागे, तारखेसकट.

पोरावर बंदूक उचलायची नाही, असा कायदा आहे.
(आईचा कायद्यावर भरवसा नव्हता.)
पोर कुठे संपतं ते त्यात सांगितलेलं नाही.
जेतोआजा म्हणायचा, ओठावर बघा.

म्हणून रात्री, चूल विझल्यावर,
आई त्याला गुडघ्यांत धरून बसायची,
जावळ काढताना धरलं असेल तसं.
साबण, मेणबत्ती, ब्लेड.
पंधरा वर्षांचा घोडा, डोळे मिटून.
पण आवाजही फुटला होता, तो कसा भादरणार?
आधी तो कुजबुजायला लागला.
मग तेही नाही.

मार्चात रस्ता मोकळा झाला, मी दुकानात गेले.
माझ्यापुढे माराश.
दहा वर्षांत इतक्या जवळून पहिल्यांदाच.
अंगावर बापाचं जाकीट, खांद्यात ढगळ.
हातात ब्लेडचं शेवटचं पाकीट.
वरच्या ओठावर, डावीकडे, ताजा काप,
त्यावर कापसाचा कण.

आरशासमोर उभं राहून
स्वतःच्या हातानं असं कापत नाही.
हा दुसऱ्या कुणाच्या हाताचा काप,
थरथरणाऱ्या.
मला तो ओळखता येतो.

दुकानदार गल्ल्याखाली वाकून काहीतरी शोधायला लागला,
बराच वेळ शोधत राहिला.
माराशनं पाकीट फाडलं.
पाचातली दोन माझ्या पिशवीत, बटाट्यांवर ठेवली.
बोललं कुणीच नाही.
पैसे दोघांनीही दिले.

घरी आईनं विचारलं, "दोनच?"
"बाकीची लागतात त्यांना."
कुणाला, ते तिनं विचारलं नाही.
कागद सोडवून
अंगठ्यानं धार पाहिली.
"एप्रिल निघेल एवढ्यात," म्हणाली.