सहावा आठवडा

ताप जाऊन महिना झाला.
खोकला राहिला मागे,
लग्न उरकलं तरी न हलणाऱ्या मामेसासऱ्यासारखा.
रात्री अडीचला उठतो, खाकरतो,
सगळ्या घराला उठवतो.

मिरजेच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली.
‘छाती स्वच्छ आहे. जंतू गेले, नळी चिडलीय नुसती.
जाईल हळूहळू.’
हळूहळू म्हणजे किती,
ते चिठ्ठीवर लिहिलेलं नाही.

एकोणीस वर्षं मी सांगलीच्या यार्डात
हळदीचे सौदे पुकारतो.
पोतं फुटलं की पिवळा धुरळा उठतो,
त्यात उभं राहून आकडा वर न्यायचा.
आता चौदा हजारावर श्वास तुटतो,
पंधरा म्हणायच्या आत ढास लागते.
परवा एका ढासेला बोली समजून
कुणीतरी शंभर वाढवले.
सगळे हसले. मी जास्त हसलो,
म्हणून जास्त खोकलो.
आता पुकारायला अडत्याचा भाचा सुकुमार आहे.
गळा चांगला आहे पोराचा.
मी पट्ट्या लिहितो.

भेटेल तो सांगतो, हळदीचं दूध घ्या.
अरे, नाकातोंडानं दुसरं घेतलंय काय आजवर?
बनियन बघा माझं.

मालन ओव्याचं पाणी उकळते,
डोक्यावर टॉवेल टाकते, दहा मिनिटं म्हणते.
त्या अंधारात
पुरुषाला रडता येतं, हे या वयात कळलं.
बाहेर आलो की ती तोंड पुसते,
वाफ बरी लागली म्हणते.

भिंतीपलीकडे मुल्लाणी टेलर.
पहिल्या आठवड्यात भिंतीवर थापा मारायचे, रागानं.
तिसऱ्यापासून थापा थांबल्या,
मशीन सुरू झालं.
‘झोप तर गेलीच,’ जिन्यात म्हणाले,
‘तुमच्या एका उबळीत
एक परकर होतो बघा.’

काल अडीच वाजले, ढास आली नाही.
मी जागाच, छातीवर हात ठेवून.
पावणेतीन.
पलीकडे मशीन दोन टाके घालून थांबलेलं.
तीन वाजता भिंतीवर थाप पडली,
एकच, हलकी,
दार वाजवावं तशी.

मी मुद्दाम खाकरलो.

मशीन चालू झालं.