सहा आठवडे

अलकापुरीतल्या दवाखान्यात झंखनानं फॉर्म पुढे केला
आणि म्हणाली, बेन, आजपासून उपटायचं नाही.
चिमटा नाही, दोरा नाही, वॅक्स नाही.
सहा आठवडे.
लेसर मुळावर जातो. मूळच काढून आलात
तर तो शोधणार कुणाला?

मी मान डोलावली,
ब्लाउजची तारीख सांगितली की गिऱ्हाइकं डोलावतात तशी.

चिमटा माझ्याकडे सोळाव्या वर्षापासून.
दुकानात टेपच्या डब्यात, सेफ्टी पिनांच्या खाली.
दांडिया बाजारात एका जिन्याखाली एक शटर,
आणि माझं काम म्हणजे
लोकांच्या गळ्याजवळ उभं राहणं.
टेप मानेभोवती फिरते तेवढा वेळ
समोरचीला बघायला दुसरं काही नसतं,
माझी हनुवटी असते.

म्हणून सकाळी सव्वासहाला गच्चीच्या दारात,
जिथला उजेड भीडभाड ठेवत नाही.
आईला शेवटपर्यंत वाटत होतं
मी सूर्यनमस्कार घालते.

वस्तरा चालेल, झंखना म्हणाली.
त्यानं दाट येतात ना?
नाही येत. टोक बोथट होतं, म्हणून हाताला खरखरतं.
बस, एवढंच.
एवढ्याशा वाक्यासाठी मी वीस वर्षं
वस्तऱ्याला घाबरले.

डॉक्टरीणबाईंनी आधी पाळीचं विचारलं.
मग रक्त तपासायला लिहून दिलं.
केस नंतर बघू, म्हणाल्या, ते कोण पाठवतंय ते आधी बघू.
सावळ्या कातडीला मशीन वेगळं लागतं,
कुणी घाईनं भलतंच फिरवलं तर डाग राहतो,
म्हणून जबड्याखाली एक ठिपका करून पाहायचा,
रबर ताणून सोडल्यासारखं लागेल.
उन्हात स्कूटरवर तोंड बांधायचं.
महिन्याला एकदा, सहा वेळा, आठही होतील,
आणि नंतरही अधूनमधून.
कायमचं?
तो शब्द खालच्या बोर्डावर आहे, त्या म्हणाल्या,
मी लिहिलेला नाही.

इंदुआत्या माझी पिशवी धरायला आलेली.
पलीकडच्या पोळातून, इस्त्रीचं पातळ नेसून.
तिच्या प्रत्येक फोटोत हनुवटीखाली तळहात आहे,
लग्नात, सत्यनारायणाला, रेशनकार्डावरसुद्धा
फोटोवाल्यानं दोनदा हात काढायला लावला म्हणे.
आम्ही म्हणायचो, आत्या फार विचारी.

मी उठले, तशी ती खुर्चीवर पुढे सरकली
आणि माझ्याशी मराठीत बोलत होती ती
एकदम गुजरातीत म्हणाली,
मारुं थशे?
जणू मला गुजराती येतच नाही.

डॉक्टरीणबाईंनी दिवा खाली ओढला,
तिची हनुवटी दोन बोटांवर घेतली.
किती वर्षांत कुणी घेतली नसेल.
बा, हे पांढरे झालेत.
लेसरला काळं दिसतं. पांढरं दिसत नाही.
सुईनं होतात, एकेक करून, पण फार बसावं लागेल.

जिन्यात आत्या थांबली. कठडा धरला.
म्हणाली, जन्मभर सगळ्या गावाला दिसले गं.
ज्याला दिसायला हवेत त्यालाच नाही दिसत.
आणि हसली. हात वर गेला नाही,
पिशवी होती हातात.

पुढचे दिवस मी वस्तऱ्यावर काढले.
संध्याकाळपर्यंत हनुवटी सँडपेपर.
नवरात्राच्या चोळ्या शिवायला घेतलेल्या,
उघड्या पाठींच्या, आरशांच्या,
प्रत्येक आरशात मी बोटाच्या नखाएवढी.
एकीनं टेपखालून बघितलं, बघतच राहिली,
मग हळूच विचारलं, तुम्ही कुठं करता?

तिसऱ्या आठवड्यात आत्या दुकानात आली.
टेपचा डबा तिनंच उघडला.
तुला सध्या लागत नाही ना हा?

आता सव्वासहाला गच्चीच्या दारात ती बसते.
मी तिचा चेहरा उजेडाकडे वळवते.
एक सापडतो, चांदीच्या तारेसारखा आखूड,
मग दिसेनासा होतो, मग पुन्हा.
हलू नकोस.
दुखतंय गं.
अजून चार आहेत, म्हणते मी.
शटर उघडायला रोज उशीर होतो.